मानाचं झाड

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून तुम्ही आठ दिवस माझं डोकं खाल्लंत. मी काय कथेकरी आहे? शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, तेही मास्तर घरी येऊन ओढून नेत म्हणून. पण आता सांगूनच टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारणार नाही. मध्ये बोलायचं नाही. लहानांनी नाही आणि मोठ्यांनी तर मुळीच नाही.

फार मागची गोष्ट आहे. राजे होते तेव्हाची. कुठला राजा ते विचारू नका. सगळे सारखेच असत.

त्या राज्याच्या टोकाला, जंगल सुरू होतं तिथे, एक गाव होतं. गावात दोन सुतार. दोघांच्या पडव्या समोरासमोर, मधून एक बैलगाडी जाईल एवढीच वाट. एकाचा जीव शिसवावर, दुसऱ्याचा बाभळीवर. गावाने दोघांची खरी नावं टाकून दिली होती. एकाला शिसव्या म्हणत, दुसऱ्याला बाभळ्या.

तुम्हाला लाकडातलं काही कळत नाही, म्हणून सांगतो. शिसव काळं आणि जड. रंधा मारला की आत जांभळ्या रेघा दिसतात. तासताना गोड वास येतो. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. शिसवाचा पलंग केला तर त्यावर तीन पिढ्या निजतात आणि पलंग तसाच राहतो. बाभूळ म्हणजे काटे. सरळ वाढत नाही. तोडली की सहा महिने डबक्यात बुडवून ठेवायची, नाहीतर किडे तिचं पीठ करतात. डबक्यातून काढली की घाण मारते. पण नांगर, गाडीचं चाक, तेलाचा घाणा बाभळीचाच टिकतो. दोन्ही लाकडं चांगली. एवढं कळायला सुतार असावं लागत नाही. हे दोघे सुतार होते, म्हणून त्यांना ते कळत नव्हतं.

रोज सकाळी हत्यारांना धार लावता लावता सुरू.

"काय बाभळ्या, आज कुठलं डबकं उपसलंस? इथवर वास येतोय."

"येणारच. इथे काम चालतं. तू बस तुझं लाकूड पुसत."

"अरे, राणी बसेल एक दिवस माझ्या लाकडावर!"

"बसू दे की. आणि जेवेल काय? माझ्या नांगराने नांगरलेलंच ना?"

"शेळ्या खातात ते झाड. त्याला लाकूड म्हणतोस?"

असं चालायचं. कुणाला राग नव्हता. पण शिसव्याला शेवटचा शब्द आपलाच लागायचा.

शिसव्याच्या परसात शिसवाचं एक झाड होतं. त्याच्या आजोबाने लावलेलं. शिसव सावकाश वाढतं, लावणाऱ्याच्या हाताला ते कधी येत नाही. आजोबा मरताना म्हणाला होता, "हे माझ्या पणतीच्या पाटाला ठेवा."

त्या गावच्या सुतारांत एक रीत होती. मुलीच्या लग्नाचा पाट बापाने आपल्या हाताने करायचा, घरच्या झाडाचा, एका फळीचा, सांधा न देता. मुलगी त्या पाटावर बसून नवरी व्हायची आणि तो पाट सासरी न्यायची. पुढे म्हातारी होईपर्यंत त्यावरच जेवायला बसायची. दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. "माझ्या बापाचा पाट आहे," म्हणायची.

शिसव्याला एकच मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. यंदाच्या थंडीत झाड तोडायचं, वर्षभर फळी सावलीत सुकवायची, पुढच्या वर्षी लग्न. मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, पाट चार बोटं जास्त रुंद करा. मी काय जन्मभर अशीच बारीक राहणार आहे?"

आता राजाकडे वळू. राजाचं आसन आंब्याच्या लाकडाचं होतं, वरून सोन्याचा पत्रा. आतून भुंग्यांनी पोखरलेलं. एके दिवशी भर दरबारात न्याय देता देता राजा खाली बसला. म्हणजे फारच खाली. हसलं कुणी नाही. तशी सोय नव्हती.

राजा उठला आणि प्रधानाला म्हणाला, "न किडणारं, न तडकणारं लाकूड शोधून आणा."

प्रधान फिरत फिरत त्या गावात आला. दोन्ही सुतारांना पारावर बोलावलं. सगळा गाव जमला. प्रधान म्हणाला, "ज्या झाडाचं आसन होईल, त्या झाडाला राजाचा मान मिळेल. ते मानाचं झाड ठरेल."

त्या गावात मान म्हणजे काय होतं ते ऐका. बेंदराला जो बैल सगळ्यांच्या पुढे चालतो तो मानाचा बैल. त्याच्या धन्याला फेटा मिळतो, आणि संध्याकाळी बैल धन्याच्याच गोठ्यात येतो. जत्रेत मानाचा नारळ फुटतो, त्यातला अर्धा घरी येतो. मान मिळाला म्हणून वस्तू गेली, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. त्यामुळे शिसव्याच्या डोळ्यांपुढे फेटा आला. दुसरं काही आलं नाही.

प्रधानाने आधी बाभळ्याला विचारलं.

बाभळ्या डोकं खाजवत म्हणाला, "वाकडी असते सरकार. डबक्यात ठेवावी लागते. तासताना दात विचकते. आसन होईल, पण डोळ्यांना बरं दिसायचं नाही."

पुढे लोक म्हणाले, बाभळ्या धूर्त. धूर्त नव्हता. त्याला बोलता येत नव्हतं, एवढंच.

मग शिसव्या उभा राहिला. त्याला बोलता येत होतं. रंग सांगितला, रेघा सांगितल्या, वास सांगितला. पाण्यात भिजलं तरी फुगत नाही म्हणाला. त्याची बायको गर्दीच्या कडेला उभी होती. तिला काहीतरी वावगं वाटलं. ती म्हणाली, "अहो, जरा घरी चला. दूध उतू जातंय."

"जाऊ दे!"

घरात दूध नव्हतंच. पण त्याने बायकोकडे बघितलंसुद्धा नाही. बाभळ्याकडे बघितलं, आणि अजून जोर चढला.

"सरकार," तो म्हणाला, "हे लाकूड आमच्यासारख्यांच्या घरात आहे हीच चूक आहे. राजाशिवाय कुणी यावर बसूच नये!"

प्रधानाने ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. लोखंडी शिक्का तापवून झाडांच्या सालीवर मारायला लागले. शिसव्या पुढे धावला. "पहिला शिक्का माझ्या परसातल्या झाडाला. माझ्या आजोबाचं आहे."

शिपायांना काय, जवळचंच झाड. मारला. गावाने ढोल वाजवले. बायकांनी झाडाला हळदकुंकू लावलं. शिसव्याला लाल फेटा मिळाला. मग तो स्वतः शिपायांना घेऊन जंगलात गेला आणि आडबाजूला लपलेलं एकेक शिसव दाखवत सुटला. त्यांना कधीच सापडली नसती अशी झाडं त्याने दाखवली. त्या संध्याकाळी बाभळ्या जेवला नाही.

चौथ्या दिवशी दवंडी आली.

"ऐका हो ऐका! शिसव हे मानाचं झाड. जंगलात असो, बांधावर असो, परसात असो, ते राजाचं. जो फांदी तोडील त्याची हत्यारं जातील. पुन्हा तोडील त्याचा अंगठा जाईल."

शिसव्या दवंडीवाल्यामागे धावला. "परसातलंसुद्धा?"

"शिक्का आहे का त्यावर?"

"आहे. पहिलाच आहे."

"मग विचारतोस काय?"

गाव शिसव्याच्या पडवीत येऊन उभं राहिलं. कुणाचा पाळणा अर्धा राहिला होता, कुणाची ताक घुसळायची रवी. कुणी शिसव्याला शिवी दिली नाही. नुसतं बघत होते. ते वाईट असतं.

शिसव्या फेटा बांधून चौदा कोस चालत दरबारात गेला. हात जोडून म्हणाला, "महाराज, एक फळी द्या. माझ्याच झाडाची. मुलीच्या लग्नाच्या पाटाला. दुसरं काही मागत नाही."

राजा वाईट नव्हता. त्याने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने कागद वाचला, "राजाशिवाय कुणी यावर बसूच नये. असं हाच म्हणाला आहे, महाराज."

"तू म्हणालास?" राजाने विचारलं.

"म्हणालो, महाराज. पण ते आपलं... बोलणं होतं."

"इथे बोलण्याचाच कायदा होतो," राजा म्हणाला. "तुला सूट दिली तर उद्या सगळा मुलूख फळ्या मागायला येईल. पण तुझ्यासारखा जाणकार मिळायचा नाही. आसन तूच कर."

नाही म्हणायची सोय तिथेही नव्हती. शिसव्या वर्षभर राजवाड्यात राहिला. जंगलातले मोठे ओंडके आले, आसन झालं. सुंदर झालं. शेवटी त्याच्या परसातलं झाड आलं. ते इतरांपेक्षा बारीक होतं, आसनात कुठे बसेना.

प्रधान म्हणाला, "याचा एक चौरंग कर. महाराजांचे जोडे ठेवायला."

शिसव्याने चौरंग केला. वाईट करावा असं मनात आलं होतं, पण हात ऐकेनात. चांगलाच झाला.

घरी आला तेव्हा लग्न आठ दिवसांवर होतं. परसात खुंट उरला होता. तो बघून शिसव्या वाट ओलांडून समोरच्या पडवीत गेला.

"बाभळ्या, एक फळी पाहिजे."

"तुला? बाभळीची?"

"हसायचं असेल तर हसून घे."

"हसतो कशाला? माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर आहे. ये आत. ही बघ, डबक्यातून काढून वर्ष झालं. नांगराला ठेवली होती."

शिसव्याने टिचकी मारून फळी पाहिली. "चार बोटं कमी पडते."

"बाभळीत एवढी रुंदी कुठून आणू? दोन जोड."

"नवरीच्या पाटाला सांधा देऊ?"

"मग जा राजाकडे," बाभळ्या म्हणाला. लगेच त्याला आपलं बोलणं नकोसं वाटलं, आणि त्याने दुसरी फळी काढून दिली.

दोघांनी मिळून सांधा बसवला. केस जाणार नाही असा. पण सुताराच्या डोळ्याला सांधा दिसतोच, आणि व्याह्यांकडेही सुतारच होते.

लग्नात सासू पाटाकडे बघून म्हणाली, "सुताराची लेक, आणि सांधलेला पाट?"

मुलगी पाटावर बसली. पाट सासरी गेला. मजबूत होता, हे सांगायलाच पाहिजे, तिच्या नातींपर्यंत टिकला. पण कुणी विचारलं तर ती म्हणायची, "आमच्या शेजारच्यांच्या लाकडाचा आहे."

शिसव्या म्हातारपणी गाडीची चाकं करायला शिकला. बाभळ्याने शिकवली. जंगलात शिसव भरपूर होतं. प्रत्येकावर शिक्का होता.

बोध एवढाच: जे आपल्याला जिवापाड आवडतं त्याची बढाई आपल्याहून मोठ्यापुढे मारू नये, कारण तो नुसतं ऐकत नाही, घेऊन जातो.

झाली गोष्ट. आता उठा. आणि जाता जाता एकाला निरोप द्या. गेल्या महिन्यात तो म्हणाला की बाभूळ हे लाकूडच नव्हे, चुलीत घालायची वस्तू आहे. माझ्या खाटेचे खूर बाभळीचे आहेत, चाळीस वर्षं झाली, आणि त्याच खाटेवर बसून, माझाच चहा पिऊन तो हे म्हणाला. चुकलो, एवढा एक शब्द अजून त्याच्या तोंडून निघालेला नाही. त्याचं नाव मुकिंदा थोरात.