निनाईच्या दारचं भोकर

निनाईच्या देवळापुढचं हे भोकराचं झाड नीट पाहून घ्या, पाहुणे. चैत्रात आमच्या बायका रानातली भोकरं हिरवी असतानाच लोणच्यासाठी उतरवतात. बोटांना राख फासून आतली चिकट बी काढायची, म्हणजे हात सुटे राहतात. या झाडाच्या कच्च्या फळाला मात्र कुणी हात लावत नाही. याची फळं झाडावरच पिकू द्यायची, असा गावाचा नेम आहे. हा नेम चिमाच्या लग्नापासून पडला, असे सांगतात.

चिमाचा बाप हैबती मनाने निर्मळ, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. दिसेल ते बोलायचं, आणि त्याला सगळं दिसायचं. चिमाला पाहायला पहिले पाहुणे आले, तेव्हा त्यांची गाडी सोडता सोडता त्याने विचारलं, "बैलांस्नी खायाला घालता, का नुसतं गोंजारता?" पाहुणे पाण्यालाही थांबले नाहीत. दुसऱ्यांशी तो फार गोड बोलला. लेकीचं कौतुक करता करता म्हणाला, "पोर कामाला वाघीण हाय. घोरती बी तशीच." तीही सोयरीक मोडली.

तिसरं स्थळ पलीकडच्या खोऱ्यातल्या येसजीचं होतं. चिमाने त्याला जत्रेत पाहिलं होतं. तो कुस्ती हरला आणि हसत उठला, म्हणून तिच्या मनात भरला. हे स्थळ गेलं तर नंतर कुणी वेशीत पाऊल टाकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आईने, भागाने, नवऱ्याला निनाईपुढे उभं करून शपथ घ्यायला लावली, की पाहुण्यांपुढे तोंड उघडणार नाही. हैबतीने शपथ घेतली, आणि तिथल्या तिथे गुरवाला सांगितलं, की देवीचं कुंकू वाकडं लावलंय. तेव्हा चिमाने ओळखलं, की हे काम एकट्या देवीच्या आवाक्यातलं नाही.

पाहुणे आले ते ज्येष्ठात. झाडाखाली घोंगडी अंथरली होती आणि वर भोकरं पिकून लगडली होती. येसजीचा बाप तुळाजी भलंमोठं पागोटं बांधून आला. हैबतीची नजर त्या पागोट्यावर गेली आणि ओठ हलले. चिमाने चटकन पिकल्या भोकरांचा द्रोण पुढे केला. "आबा, लई ग्वाड हायती."

हैबतीने मूठभर तोंडात टाकली. पाहुणचाराला नाही कसं म्हणायचं, म्हणून तुळाजीनेही टाकली. पिकलं भोकर गोड खरं, पण आतला गर डिंकाहून चिवट. बी टाळूला चिकटली, जीभ बीला, आणि मिशा ओठांना. थुंकलं की मोकळं, पण सोयऱ्यासमोर आधी कोण थुंकणार? दोघेही मानी. दोघेही एकमेकांकडे बघत मान डोलवत राहिले.

शेवटी चिमाच पदर खोचून पुढे झाली, म्हणे.

"मी घोरते," ती येसजीला म्हणाली. "आबा सांगणारच हुते, म्हून मीच सांगते. चालत असंल तर बोला."

येसजीने बापाकडे पाहिलं. बाप मान डोलवत होता. "मला झोप लागली की ढोल बडवला तरी कळत न्हाई," तो म्हणाला. "चालतंय की."

मग शेतीचं, सासूचं, रागाचं, सगळं त्या दोघांनीच बोलून घेतलं. दोन्ही बापांच्या माना डोलतच होत्या, तोच होकार धरून गुरवाने गूळ वाटला.

शेवटी हैबतीचं तोंड सुटलं. भागाने डोळे मिटले. हैबतीने लेकीकडे पाहिलं, तिच्या तोंडावरचा आनंद पाहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"माझं काई म्हणणं न्हाई," तो म्हणाला. असं तो जन्मात पहिल्यांदाच म्हणाला, असे सांगतात.

आजही आमच्या गावची लग्नं ज्येष्ठातच ठरतात. दोन्हीकडचे बाप याच झाडाखाली बसतात, तोंडात पिकलं भोकर धरतात, आणि मुलीचं बोलून संपेपर्यंत कुणी थुंकत नाही.