हौसाक्काची स्कूटर आणि राजाचा रस्ता

शेषगडच्या राजानं हुकूम काढला: विजेची स्कूटर ज्याला हवी त्यानं खुशाल घ्यावी, पण सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये. चालवायची तर खासगी जागेत, तीही जागेच्या मालकानं परवानगी दिली तरच. झालं होतं असं, की महाराज सकाळी फिरायला निघाले असताना मागून एक स्कूटर आवाज न करता आली आणि महाराज दचकून थेट शेणाच्या ढिगात बसले.

फटका बसला तो हौसाक्काला. ती गावची सुईण. गुडघे कामातून गेलेले आणि बाळंतिणी डोंगरभर पसरलेल्या. स्कूटर होती म्हणून वेळेवर पोचायची. हुकमानंतरही वरच्या आळीत एक पोर अडली म्हणून ती निघालीच. वाटेत कोतवालानं अडवलं, तर ‘आधी बाळ, मग चौकशी’ म्हणत तिनं त्यालाच मागे बसवून नेलं. बाळंतपण सुखरूप झालं आणि कोतवालानं तिला दरबारात उभं केलं.

महाराजांना सगळं पटत होतं, पण हुकूम मागे घ्यायचा म्हणजे नाक खाली. त्यांनी पेच टाकला.

“उद्या घरापासून इथवर स्कूटरवर बसूनच ये. माझा हुकूम मात्र मोडायचा नाही. जमलं तर स्कूटर तुझी, नाही तर ती लोहाराच्या भट्टीत जाईल.”

तिच्या घरापासून राजवाड्यापर्यंत रस्ता एकच, तोही हमरस्ता. दरबारी गालातल्या गालात हसले. हौसाक्कानं घरी येऊन स्कूटर पुसायला घेतली. महाराजांचं बोलणं मनात घोळवता घोळवता तिचा हात मध्येच थांबला आणि ती एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी ती भर हमरस्त्यानं, ऐटीत, स्कूटरवरून राजवाड्यात आली. महाराजांच्या भुवया चढल्या.

“मोडलास ना हुकूम?”

“नाही महाराज. एवढं सांगावं, हा रस्ता कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? माझा. या राज्यातला दगड न् दगड माझा आहे.”

“म्हणजे जागा आपली खासगी. आणि काल भर दरबारात मालकांनीच मला स्कूटरवर बसून यायला सांगितलं. याहून मोठी परवानगी मी कुठून आणू?”

दिवाणजी महाराजांच्या कानाला लागले. महाराज घाईनं म्हणाले, रस्ता लोकांचा आहे, सार्वजनिक आहे.

“मग परवानगी लोकांनाच विचारू या,” हौसाक्का म्हणाली.

दाराशी अख्खं गाव लोटलं होतं. त्यातल्या निम्म्या जणांची नाळ तिनंच कापलेली. भराभर हात वर झाले. त्यात दिवाणजींचाही होता.

महाराजांना हसू आवरेना. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम बदलला: दिवा लावून, घंटी वाजवत, बेतानं चालवणाऱ्या सगळ्यांना रस्ता मोकळा. मग ते अंगणात उतरले, स्कूटरभोवती दोनदा फिरले आणि हळूच हँडलच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले, “एक चक्कर मारून बघू?”

“स्कूटर खासगी आहे, महाराज. मालकिणीची परवानगी लागते.”

महाराज पोट धरधरून हसले. गळ्यातला कंठा काढून त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवला आणि हात जोडून रीतसर परवानगी मागितली.