जर्मनची ताजी होडी

धरणाच्या फुगवट्याला लागून एक गाव. त्या गावात एक भोळा भोई होता. भोई गावात बक्कळ होते, भोळा एकच. त्याला गेनू म्हणायचे.

गेनूकडं बापाची लाकडी नाव होती. त्या गावात म्हातारी माणसं होडीला नाव म्हणतात, तरणी माणसं होडी म्हणतात. गेनू जे तोंडात येईल ते म्हणायचा. तर ती नाव कुजली. बुडाला बोट लावलं की बोट आरपार. गेनूनं बोट काढलं नाही, कारण काढलं की पाणी आत येतं. दोन तास तसाच बसला. शेवटी बायकोनं काठावरनं ओढून आणला.

बायको ठकूबाई. नावाप्रमाणं हुशार. पण तिचा पाय मोडलेला, गुडघ्यापर्यंत पिलास्तर. नाहीतर नवी होडी आणायला तिनं गेनूला पाठवला असता व्हय?

आणि होडी तर पाहिजेच होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मासेमारी सुरू व्हायची. त्या दिवसाचा मच्छीमार सोसायटीचा नियम असा, की दिवस उगवताना आपल्या जागेवर आपली होडी लावायची, आणि दिवस मावळेपर्यंत ती तिथनं हलता कामा नये. हलली की जागा गेली. गेनूची जागा होती बुडालेल्या चिंचेपाशी. धरणात गाव गेलं तेव्हा चिंच उभीच बुडाली, नुसता शेंडा वर. तिच्या फांद्यांत मासा असा भरायचा, की जाळं टाकायचं नाही, नुसतं दाखवायचं. सोसायटीचे चेअरमन अण्णा त्या जागेवर चार वर्षं डोळा ठेवून होते.

ठकूबाईनं म्हैस विकली. म्हणाली, "जर्मनची होडी घ्यायची. हलकी असती, गंजत न्हाई, डांबर लावाय नगं."

आता जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे तुम्हाला ठाऊक. आपल्या आयाबायांनी त्या पातेल्यांना दुसरं नाव कधी दिलं नाही. गेनूलाही ठाऊक होतं. एवढं एक त्याला बरोबर ठाऊक होतं, म्हणून सांगितलं.

पण ठकूबाई एकदम होडीवर पाठवणारी नव्हे. म्हणाली, आधी ह्याला बारक्या खरेदीवर तयार करू.

पहिल्यांदा पाठवला माठ आणायला. गेनूनं माठ आणला. पाणी भरलं, तर माठ रिकामा आणि चूल विझलेली.

"अवो, वाजवून घ्यायचा असतो," ठकूबाई म्हणाली. "टण्ण वाजला तर चांगला, भद्द वाजला तर फुटका. आलं का ध्यानात?"

"आलं," गेनू म्हणाला, आणि पंच्याच्या टोकाला एक गाठ मारली.

त्याच्या ध्यानात यायचं, हीच तर सगळी भानगड.

दुसऱ्यांदा पाठवला अंडी आणायला. गेनूनं दुकानात बसून एकेक अंडं फळीवर वाजवलं. भद्द. दुसरं वाजवलं. भद्द. एकवीस अंडी भद्द वाजली. बाविसावं जरा बरं वाजलं, तेवढं घेऊन तो घरी आला. मागनं दुकानदार आला, आपली उकडलेली न्याहारी मागत.

ठकूबाईनं कपाळ धरलं. "अंडी वाजवायची नसतात. पाण्यात टाकायची. बुडलं ते ताजं, तरंगलं ते नासकं. आलं का ध्यानात?"

"आलं. बुडलं ते ताजं, तरंगलं ते नासकं." दुसरी गाठ.

तिसऱ्यांदा पाठवला गूळ आणायला. येताना वाटेत ओढा लागला. गेनूनं ढेप ओढ्यात सोडली. बुडली. गेनू खूश झाला. मग हात घालून काढायला गेला, तर हाताला नुसता कागद.

घरी येऊन म्हणाला, "ठके, गूळ लई ताजा व्हता. अगदी तळाला गेला."

"कुठंय?"

"तळाला."

गेनूची म्हातारी आई कोपऱ्यात बसून पान कुटत होती. म्हणाली, "ह्याच्या बारशाला मी गूळच वाटला व्हता. तवाच पाण्यात टाकायला पायजे व्हता."

"गूळ व्हय?" गेनूनं विचारलं.

म्हातारी पान कुटत राहिली.

ठकूबाईनं दम खाल्ला. "गुळाला पाणी दाखवायचं न्हाई. कोपरा मोडायचा आन चाखायचा. आलं का ध्यानात?"

"आलं." तिसरी गाठ.

आता दसरा पाच दिवसांवर आला. ठकूबाईचं पिलास्तर काही निघेना. तिनं गेनूला समोर बसवलं, दोन्ही कान धरले आणि सांगितलं, "तालुक्याला हुसेनभाई हाय. तेच्याकडनंच घ्यायची. चार जणं बसत्याल अशी बघा. मी, तुम्ही, सासूबाई आन शेळी. आन रुंद बुडाची बघा. रुंद बुडाची असली की डुलत न्हाई. बाकी भाई सांगंल तसं करा."

"रुंद बुडाची," गेनू म्हणाला. चौथी गाठ.

हुसेनभाईचा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. मागं दगडाच्या खाणीचं डबकं, त्यात तो होड्या तपासायचा. भाई स्टुलावर बसून चहा पीत होता. गेनू आला आणि म्हणाला, "भाई, जरा उभं ऱ्हावा."

भाई उभा राहिला. त्याला वाटलं ओळखीचा पाहुणा. गेनूनं चौथी गाठ सोडली, त्याच्या मागं गेला आणि निरखून बघितलं. बूड चांगलं ऐसपैस होतं.

"बसा," गेनू म्हणाला. "बायकोनं सांगितलं तसंच हाय. डुलायचं न्हाई."

भाईनं चहा खाली ठेवला. "काय पाहिजे पाहुणं?"

"जर्मनची होडी. चार जणांची. एक शेळी हाय त्यात."

भाईनं एक होडी दाखवली. बारा हाती, नवीकोरी, उन्हात डोळे दिपवणारी. गेनूनं पहिली गाठ सोडली आणि होडीवर टिचकी मारली. टण्ण. मग तिसरी गाठ सोडली आणि होडीचा कोपरा धरून वाकवायला लागला.

"अरे अरे, काय करतोस?"

"कोपरा मोडून चाखतो."

हुसेनभाईनं चाळीस वर्षं गिऱ्हाइकं बघितली होती. म्हणाला, "मोडायचं कशाला? चाटून बघ."

गेनूनं चाटली. "आळणी हाय."

"मीठ घरी घाल."

हे गेनूला पटलं. मग त्यानं दुसरी गाठ सोडली. म्हणाला, "आता पाण्यात टाका."

दोन कामगारांनी होडी डबक्यात लोटली. होडी बदकासारखी तरंगली. गेनूचं तोंड उतरलं.

"नासकी," तो म्हणाला.

"काय?"

"नासकी हाय. दुसरी टाका."

दुसरी टाकली. तीही तरंगली. तिसरी टाकली. तीही. गेनूनं भाईच्या खांद्यावर हात ठेवला. "भाई, राग मानू नगा. पर तुमचा सगळा मालच नासका हाय."

भाईला हसावं की वेल्डिंगची कांडी घेऊन मागं लागावं कळेना. "बाबा, तुला कसली होडी पाहिजे?"

"ताजी. बुडणारी."

भाईनं दाढी खाजवली. गिऱ्हाईक खुळं आहे, पण घरची माणसं गरीब असणार. ह्याला भोकाची होडी विकली तर पाप लागेल. आणि चांगली विकायची तर हा घेत नाही. मग त्याला युक्ती सुचली. प्रत्येक होडीच्या बुडाला मागच्या बाजूला एक बूच असतं, आत साठलेलं पाणी काढायला. भाईनं पहिल्याच होडीचं बूच गुपचूप काढून खिशात टाकलं आणि होडी परत पाण्यात लोटली.

वेळ लागला. दोघांनी मध्ये एकेक चहा घेतला. हळूहळू होडी भरली, एक बुडबुडा आला, आणि होडी तळाला गेली.

गेनूनं हात जोडले. "असा माल दडवून का ठेवला व्हता?"

साखळी लावून होडी वर काढली. भाईनं बूच बसवलं आणि गेनूला दाखवलं. "हे बघ पाहुणं. ह्याच्यामुळं सगळं. हे काठावर असताना काढायचं, पाण्यात असताना काढायचं नाही. ध्यानात आलं?"

गेनूनं गाठ मारायला पंचा धरला. पण चारही टोकं आता सोडून झाली होती, आणि परत मारायची तर कुठल्या टोकाला काय होतं ह्याचा घोळ झाला असता. म्हणून त्यानं नुसती मान डोलावली.

होडी टेम्पोतनं गावात आली. ठकूबाईनं कुबडी टेकत तिच्याभोवती फेरी मारली. बूड रुंद. सांधे पक्के. बूच घट्ट. ठकूबाईला खरंच वाटेना. तिनं गेनूला आपल्या हातानं भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा. म्हातारीसुद्धा म्हणाली, "पोरगं सुधारलं."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी अजून फटफटतंय तोवर गेनूनं होडी पाण्यात ढकलली. पहिल्या दिवशी सगळ्या घरानं होडीत बसून जागेवर नारळ फोडायचा, अशी रीत. पिलास्तर लांब करून ठकूबाई बसली. म्हातारी बसली. मधोमध शेळी बसली. होडी डुलली नाही. वाऱ्यासारखी चिंचेपाशी गेली. आजूबाजूला सगळ्या भोयांच्या होड्या आपापल्या जागेवर लागलेल्या. अण्णा मोटारीच्या होडीतनं नियमाची वही घेऊन फिरत होते.

ठकूबाईनं नारळ फोडला. सगळ्यांच्या तोंडावर हसू. एका गेनूच्या नाही. तो होडीच्या काठावरनं खाली वाकून बघत होता.

"काय झालं वो?"

"ठके," तो हळू आवाजात म्हणाला, "ही तरंगतीय."

"मंग?"

"भाईकडं ताजी व्हती. माझ्या डोळ्यानं बघितली. चार दिस उन्हात ठिवली, नासली."

ठकूबाईला अजून कळेना. पण गेनूला सगळं कळलं. म्हैस गेली, नासकी होडी पदरात पडली, आणि अण्णा वही घेऊन इकडंच येतायत. अण्णांच्या ध्यानात आलं तर जागा गेलीच. तेवढ्यात त्याला भाईचं बोलणं आठवलं. अर्धंच आठवलं. 'ह्याच्यामुळं सगळं.'

त्यानं हात घातला आणि बूच काढलं.

आता पुढचं सगळं शिस्तीत झालं. पाणी आधी शेळीच्या खुरांना लागलं. शेळी ओरडली. मग म्हातारीच्या पानाच्या चंचीला लागलं. म्हातारी ओरडली. ठकूबाई कुठं काय आहे बघतेय तोवर पाणी पिलास्तरापर्यंत आलं. गेनू बूच हातात घेऊन गालातल्या गालात हसत होता. "थांबा," तो म्हणाला, "ताजी व्हाय लागली."

शेवटी एक बुडबुडा आला. होडी खाली गेली आणि चिंचेच्या बेचक्यात अशी बसली, जशी पाटावर नवरी. चौघं जण शेंड्यावर चढले. एका फांदीवर ठकूबाई, एकीवर म्हातारी, मधल्या बेचक्यात गेनू आणि त्याच्या मांडीवर शेळी. लांबनं बगळे बसल्यासारखे दिसत होते. शेळीनं गेनूचा पंचा खायला घेतला.

अण्णा आले. आनंद तोंडावर मावेना. वही उघडली आणि म्हणाले, "ठकूबाई, जागा गेली तुमची."

ठकूबाई गळ्यापर्यंत भिजलेली. पण डोकं कोरडं होतं. "का म्हून? नियम वाचा."

"दिवस मावळेपर्यंत होडी जागेवरनं हलता कामा नये."

"हलली का?"

अण्णांनी खाली बघितलं. पाण्याखाली होडी चमकत होती. वारा सुटला, तशा बाकीच्यांच्या होड्या हलायला लागल्या, लोक दोरखंड ओढायला धावले. ही जागची हलली नाही. अण्णांनी बांबू घालून ढोसून बघितलं. टण्ण वाजली, पण हलली नाही. वही पुढनं वाचली, मागनं वाचली. होडी पाण्याच्या वर पाहिजे, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत ती चौघं फांदीवर बसून राहिली. मावळला तसं अण्णांनी दात खात वहीत चिंच गेनूच्या नावावर लिहिली. मग राहवलं नाही, म्हणून जाता जाता म्हणाले, "जागा घे लेका. पण सगळ्या गावादेखत बापाचं नाव बुडवलंस."

"बापाची कुठली अण्णा?" गेनू म्हणाला. "बापाची तर कधीच कुजली. ही माझी. आन ताजी हाय."