चालती वेस

एका राज्यात लढाईचा नगारा होता, आणि त्याला तीन हात लागल्याशिवाय आवाज नव्हता. लोहारआळीचे राघोजी, कोष्टीआळीचे सटवाजी आणि कुंभारआळीची काळाई, या तिघा वडीलधाऱ्यांनी चामड्यावर तळवा टेकायचा, मग राजाने टिपरू हाणायचं. एकाने हात मागे घेतला की नगारा मुका. मोकळीक एकच होती. शत्रू वेशीत शिरला, तर राजाने कुणाची वाट पाहू नये.

त्या गादीवर कर्दमसेन बसला. त्याला नदीपलीकडचं मिठागर हवं झालं. काळाईने हात पदराखाली घेतला. म्हणाली, मिठासाठी लेकरं देत नाही. राजाने कंकाळ मांत्रिकाला गाठलं. कंकाळ म्हणाला, "रीत कशाला मोडतोस, राजा? वेस हलव."

त्याने वेशीच्या कमानीवर भस्म फुंकलं. कमानीला पाय फुटले. ती नदी ओलांडून मिठागरात जाऊन उभी राहिली. तिथली माणसं आपापल्या घरी जेवत होती. ती माणसं वेशीच्या आत आली, म्हणून शत्रू ठरली. राजाने एकट्याने टिपरू हाणलं. नगारा वाजला. मीठ मिळालं, लढाईत गेलेला काळाईचा लेक मिळाला नाही.

दुसऱ्यांदा वेस डोंगरावर चढली. निम्मं सैन्य परतलं. राजवाड्यातली साळुंकी म्हणाली, "राजा, गावाला दार उरलं नाही." राजाने पिंजऱ्यावर फडकं टाकलं.

तिसऱ्यांदा वेस निघाली, तेव्हा पुढे युवराज अंबरसेन होता. या खेपेला ती थांबेचना. जिथे जाई तिथे नवा शत्रू, आणि नगारा न हाणता वाजे. राजाने कंकाळाला सांगितलं, आता थांबव. तो म्हणाला, मला चालवायची विद्या येते, थांबवायची नाही. आणि धूर होऊन गेला.

राजाने पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. साळुंकी म्हणाली, "एकाच्या हाताने गेली, तिघांच्या हाताने येईल."

राजा अनवाणी निघाला. राघोजींनी मेलेल्यांच्या तलवारी त्याच्या डोक्यावर दिल्या, घरोघर पोचवायला सांगितल्या. त्याने पोचवल्या, कुणी पाणी विचारलं नाही. सटवाजींनी मागावर बसवून, जे आले नाहीत त्यांच्यावर घालायचं कापड विणून घेतलं. बोटं फाटली, कापड पुरलं नाही.

काळाई चाकाशी बसली होती. चाक थांबलेलं होतं.

"तेव्हा माझा हात आडवा आला तुला. आता कशाला हवा?"

"आई, माझा मुलगा त्या वेशीखाली आहे."

"माझाही होता," काळाई म्हणाली. "वेस होती त्या खिंडारात उभा राहा, आणि झालं ते सगळ्यांदेखत सांग."

राजा खिंडारात उभा राहिला. गाव जमलं.

"शत्रू वेशीत आला नव्हता," तो म्हणाला. "मी वेस त्याच्या घरात नेली."

मग तिघांनी नगाऱ्यावर तळवे टेकले. नगारा गप्प झाला. काही दिवसांनी वेस खुरडत आली नि आपल्या जागी बसली. गावाने तिच्या पायांत शिसं ओतलं. राज्याची घडी बसली. पुढे तिघांवाचून टिपरू उचललं गेलं नाही.

वेशीमागून थोडी माणसं आली. अगदी शेवटी अंबरसेन. राणीने त्याला बसवलं, पाय मांडीवर घेतले, तेल चोळलं. तो झोपी गेला. पाय मात्र चालतच राहिले.