आधी साहेबांची गाडी

तो दिवस खंडेनवमीचा की तिच्या आधीचा, हे आता मला खात्रीनं सांगता येत नाही. चाकणच्या एका काँक्रीट प्लँटवर मी रसायनांचा सल्लागार होतो. मिक्सर गाड्यांच्या ड्रममध्ये घट्ट बसलेलं काँक्रीट मालक रणदिवे अ‍ॅसिडनं काढायला लावत. आत उतरलेली माणसं खोकत बाहेर येत. "दर फेरीनंतर ड्रम धुवा, काँक्रीट चिकटू न देणारा लेप बाहेरूनच फवारा," मी चाचरत सुचवलं.

"प्रोफेसर, हे अ‍ॅसिड म्हणजे लिंबूपाणी," रणदिवे हसले.

पूजेसाठी गाड्या धुणं चाललं होतं. मेकॅनिक अंबादास बादली घेऊन मालकांच्या नव्या मोटारीकडे निघाला.

"बादलीत काय आहे रे?"

"तुमचं लिंबूपाणी, साहेब. पहिला मान तुमच्या गाडीला."

"थांब, रंग जाईल तिचा."

"रंग परत देता येतो, साहेब. आमच्या छातीला कुठला रंगारी आणायचा?"

त्याच आठवड्यात लेप आला, अ‍ॅसिड बंद झालं. माझ्या डॉक्टरेटला जमलं नाही ते अंबादासनं केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुष्कळ वर्षांनी तो भेटला तेव्हा मी विचारून खात्री करून घेतली. त्या बादलीत नळाचं साधं पाणी होतं.