काल भाजी कुठली केली होती?

पुण्यातल्या एका कंपनीने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी यंत्र काढलं. ते रोज सकाळी विचारणार, "कसे आहात?" आणि बरं नाही म्हटलं की मदतीला माणूस धाडणार. संचालकांची बैठक भरली. एक बँकेचे माजी साहेब, एक निवृत्त कर्नल. अध्यक्ष धारवाडकर तर तीस वर्षं परदेशातल्या कंपन्या चालवून आलेले. आपापले अनुभव सांगण्यातच चहा गार झाला.

चहा देणारी हौसाबाई कप उचलताना म्हणाली, "यानं काय कळायचं नाही. एकटं माणूस 'बरं आहे' असंच म्हणतं."

धारवाडकर भडकले. "बाई, तुमचा अनुभव काय?"

"नवरा गेल्यापासून अकरा वर्षं एकटी राहते."

"मग सिद्ध करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

प्रश्न पोटाचा होता, पण बाई डगमगली नाही. बायको वारल्यापासून धारवाडकर साहेबांचा डबा येत नाही, हे तिनेच पाहिलं होतं.

"साहेब, कसे आहात?"

"एकदम मजेत!"

"काल घरी भाजी कुठली केली होती?"

"बिस्किटं खाल्ली," धारवाडकर हळूच म्हणाले.

कर्नलांनी कागदावरचा यंत्राचा जुना प्रश्न खोडला आणि भाजीचा लिहिला.

"हौसाबाई, उद्या या," धारवाडकर म्हणाले. "आणि तुमच्याकडे काल काय होतं?"

अकरा वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मीठ-भाकरी," ती म्हणाली, आणि घाईघाईने कप गोळा करू लागली.