पानकीची शेजारीण

माणसांनी बागेत मधमाश्यांसाठी बांबूच्या नळ्यांची मोळी टांगायला नुकतीच सुरुवात केली होती, त्या काळची गोष्ट. अशाच एका मोळीत पानकी नावाची मधमाशी एकटीच राहायला आली. गुलाबाची पानं कातरून तिने नळीत अंथरली, परागाचा गोळा ठेवला आणि त्यावर आपलं पहिलं अंडं घातलं.

तेवढ्यात शेजारच्या नळीत एक काळीकभिन्न गांधीलमाशी शिरली. तिचं नाव कुंभारीण. तिच्या तोंडात वळवळती अळी होती. ती बघून पानकीची पाचावर धारण बसली. दार बंद करायला पान आणायचं होतं, पण अंडं एकटं कसं सोडायचं?

"जा गं ताई, मी राखते दार," रत्नी नावाची हिरवी, चकचकीत माशी गोड आवाजात म्हणाली.

पानकी गेली. परतली, तर रत्नी नव्हती आणि कुंभारीण पानकीच्या दाराला चिखल लिंपत होती.

"माझं अंडं खाल्लंस!" पान टाकून पानकी तिच्यावर झेपावली. झटापटीत कुंभारणीचा पंख फाटला.

"अंडं तुझं शाबूत आहे," कुंभारीण धापा टाकत म्हणाली. "ती हिरवी तिथे स्वतःचं अंडं घालायला आली होती. तिचं पिल्लू तुझ्या पिल्लाला खातं. आज तुझं घर, उद्या माझं. म्हणून हुसकावली तिला आणि दार लिंपलं. उघडून बघ."

पानकीने चिखल कुरतडला. आत परागावर एकच अंडं होतं, तिचं.

तिने पान उचलून आपलं दार बंद केलं. कुंभारणीचं दार मात्र उघडंच होतं, आणि फाटक्या पंखाने तिला उडता येत नव्हतं.

"तू इथेच बस," पानकी खालमानेने म्हणाली. "चिखल कुठे मिळतो, तेवढं सांग."